पाण्याकाठची सुट्टी: नांदेडहून लातूरकडे, सावकाश

लग्नाला पंचवीस दिवस झालेले असोत की पंचवीस वर्षं, दोघांनी निवांत कुठं जायचं म्हटलं की डोळ्यांपुढं पाणी येतं. पाण्यात उभी घरं, दारापुढून जाणारी नाव, हातात हात घालून कालव्यावरचा पूल ओलांडणं. मग कुणी व्हेनिसचं पॅकेज विचारून येतं, कुणी केरळात आलाप्पुझाची हाउसबोट बघतं. जमत असेल तर जरूर जावं. पण ज्यांना यंदा चारच दिवसांची रजा आहे, घरी म्हातारी माणसं आहेत किंवा खिशाला इटली झेपत नाही, त्यांच्यासाठी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत पाण्याकाठची एक सुट्टी शांतपणे बसते. तीही नुसती वेळ भागवण्यापुरती नाही, चांगली सुट्टी म्हणावी अशी. फक्त तिची रीत आधी समजून घ्यायला हवी.

रीत सांगायला व्हेनिसचाच दाखला घेतो. २०२४ पासून त्या शहरानं गर्दीच्या ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. जो रात्री शहरात मुक्काम करतो त्याला ते माफ. सकाळी येऊन मुख्य चौकात फोटो काढायचे आणि संध्याकाळी पसार व्हायचं, अशा पाहुण्यांनी ते शहर जेरीला आलं होतं. आता नांदेडकडे बघा. देशभरातून माणसं येतात, स्टेशनवर उतरतात, गुरुद्वाऱ्यात माथा टेकतात, लंगरमध्ये जेवतात आणि रात्रीच्या गाडीत बसतात. चालत जाण्याच्या अंतरावर गोदावरी वाहते, ती अनेकांनी पाहिलेलीच नसते. म्हणून पहिला नियम मुक्कामाचा. नांदेडला दोन रात्री, लातूरला दोन रात्री. याहून कमी वेळ असेल तर लातूर सोडा, पण नांदेडची एक रात्र कापू नका.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि आपल्याकडे तीच सगळ्यांत मोठी. कालव्यांच्या शहरात पाणी बारमाही असतं. मराठवाड्यात पाण्याला पंचांग आहे. मृग कोरडा गेला तर श्रावणातही नदी आटलेली दिसते आणि परतीचा पाऊस लागला तर एका रात्रीत घाटाच्या पायऱ्या बुडतात. जोडीनं निवांत फिरण्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. नदीला आणि खंदकांना पाणी असतं, ऊन सोसतं, सकाळी शाल घ्यावीशी वाटते. मार्चनंतर घाटांवर जलपर्णी आणि नाल्यांचा वास यांचाच मुक्काम असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी खोलीबाहेर पडणंही शिक्षा वाटते. भर पावसाळ्यात यायचंच असेल तर बेत वेगळा करावा लागेल. तेव्हा किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघण्यासारखा असतो, आणि त्यासाठी नांदेडहून अख्खा दिवस लागतो.

तारखा ठरवताना गर्दीही बघून घ्या. दसरा, दिवाळी आणि होळीला नांदेडमध्ये शिखांचे मोठे सोहळे असतात. दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोल ही मिरवणूक निघते, तर दिवाळीच्या सुमारास तख्त स्नान होतं, त्यात गुरुद्वाऱ्यातली शस्त्रं गोदावरीच्या पाण्यानं धुतात. दृश्य विलक्षण असतं, पण खोली मिळणं कठीण आणि निवांतपणा तर अजिबात नाही. ते बघायचं असेल तर वेगळं या. ही सुट्टी त्या दिवसांत घालू नका.

नांदेडला रेल्वे सोयीची. मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरकडून देवगिरी, नंदीग्राम आणि तपोवन एक्स्प्रेस येतात, उत्तरेकडून अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस. स्टेशनचं अधिकृत नावच हुजूर साहिब नांदेड आहे. मुक्कामाला दोन पर्याय. गुरुद्वारा बोर्डाच्या यात्री निवासांत स्वच्छ आणि स्वस्त खोल्या मिळतात, पण तिथं वातावरण यात्रेकरूंचं असतं. नव्या जोडप्याला थोडा एकांत हवा असेल तर स्टेशन ते वजिराबाद या पट्ट्यातलं एखादं हॉटेल घ्यावं. खोली घेताना नदीचा देखावा वगैरे मागू नका, तसलं काही नसतं. इथं नदी बघायची तर उठून नदीकडेच जावं लागतं.

पहिल्या दिवशी काही बघू नका, हा माझा आग्रह आहे. रात्रीच्या गाडीनं येऊन दुपारी बारा वाजता तीन ठिकाणं उरकणारी मंडळी संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलेनाशी होतात. आंघोळ करा, झोपा, चार वाजता चहा घ्या आणि ऊन कललं की नगिना घाटाकडे चालत निघा.

घाटांवरून सावकाश जायचं असेल तर सोबत त्यांच्या गोष्टी हव्यात. नगिना घाटाची कथा अशी सांगतात, की एका श्रद्धाळूनं गुरू गोविंदसिंगांना मोलाचा खडा भेट दिला आणि त्यांनी तो सरळ नदीत टाकला. देणारा हिरमुसला. तेव्हा गुरू म्हणाले, जा, पाण्यात उतर आणि तुझा तेवढा काढून आण. तो उतरला तर तळाशी तसल्या खड्यांचा खच. आपला कोणता ते त्याला ओळखता येईना. दागिन्यांवरून नुकतंच घरात काही झालं असेल, तर ही गोष्ट पायरीवर बसून एकमेकांना सांगायला बरी. बंदा घाटाची गोष्ट मात्र इतिहासातली. माधोदास नावाचा बैरागी गोदाकाठी मठ करून राहत होता. १७०८ मध्ये त्याची गुरू गोविंदसिंगांशी गाठ पडली आणि तो बंदा सिंग बहादूर होऊन पंजाबकडे गेला. तिथं त्यानं मोगलांशी जी झुंज दिली, तिचं मूळ या पायऱ्यांपाशी आहे. पुढं गोवर्धन घाट लागतो. त्या बाजूला स्मशानभूमी आहे, म्हणून तिकडं मोठ्यानं हसणं-खिदळणं आणि फोटो काढणं टाळावं. कधी कधी घाटावर नावा असतात. नाव चालू असेल आणि नावाडी अंगात घालायला जीवरक्षक जाकीट देत असेल तरच बसा. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी कुणी कितीही आग्रह केला तरी बसू नका.

रात्री तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिबला जा. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. १७०८ च्या ऑक्टोबरात गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला आणि त्याआधी आपल्यानंतर ग्रंथसाहिबच गुरू असेल असं सांगितलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत उभी राहिली. रूढी साध्या आहेत. डोकं झाकायचं, पादत्राणं जमा करायची, पाय धुऊन आत जायचं, खिशात तंबाखू-सिगारेट काही ठेवायचं नाही. आमच्याकडच्या कित्येक काकांची पंचाईत तिथंच होते, तेव्हा पुडी खोलीवरच सोडून या. कढाप्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. लंगरमध्ये हवं तेवढं वाढतात, पण ताटात टाकायचं नाही. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर गुरूंची शस्त्रं दाखवून त्यांची माहिती देतात, ती ऐकायला थांबा. सेवेकऱ्याला काही विचारायचं असेल तर मराठीतून खुशाल विचारा. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहणाऱ्या शीख घरांतून मराठी सहज बोलली जाते. जवळच्या गोविंदबागेत संध्याकाळी लेझरचा खेळ असतो. मुलं बरोबर असतील तर बघा. दोघंच असाल तर तो वेळ घाटावर काढलेला बरा.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठणं जमलं तर या सुट्टीतला सगळ्यांत सुंदर प्रसंग पदरात पडेल. गुरुद्वाऱ्याचा एक सेवक, त्याला गागरिया सिंघ म्हणतात, रोज अंधारातच गोदावरीवर जातो आणि घागर भरून पाणी तख्तावर आणतो. त्याच पाण्यानं आतली जागा धुतली जाते. नदी आणि गाव यांचं नातं इथं रोज पहाटे नव्यानं जोडलं जातं. मोबाइल खिशात ठेवून, वाट सोडून उभं राहा.

त्या दिवशी सकाळी नदीकाठचा नंदगिरी किल्ला तासाभरात पाहून होतो. दुपार झोपेची. संध्याकाळी रिक्षानं विष्णुपुरीला जा. गोदावरी अडवून केलेला हा उपसा सिंचन प्रकल्प. त्याच्या जलाशयाला शंकरराव चव्हाणांच्या नावानं शंकरसागर म्हणतात आणि काठावर काळेश्वराचं मंदिर आहे. मावळतीला इथलं पाणी पसरट आणि शांत दिसतं. अख्ख्या नांदेडात क्षितिजापर्यंत पाणी बघायचं ठिकाण हेच. पायऱ्यांच्या खाली मात्र उतरू नका, कारण काठ घसरडा आणि तळ एकदम खोल आहे. जाताना रिक्षावाल्याशी परतीचंही भाडं ठरवून त्याला थांबवून ठेवा. अंधारात तिथून वाहन मिळवणं त्रासाचं होतं.

तिसऱ्या दिवशी नांदेड सोडायचं आणि थेट लातूर गाठायचं नाही. मधे कंधार आहे, आणि माझ्या मते या सगळ्या सुट्टीचा जीव तिथं आहे. तुळजापूर-नागपूर महामार्गावर लोह्याहून आत वळलं की कंधार येतं. नांदेडहून साधारण पन्नास किलोमीटर. एसटी आहे, पण आज दोघांनी मोटार ठरवावी, कारण सामान बरोबर असणार आणि संध्याकाळी लातूरला पोचायचं आहे.

कंधारचा भुईकोट पाण्यात उभा आहे. चारी बाजूंनी रुंद खंदक, त्यात हिरवंगार पाणी, पाण्यात बुरुजांची सावली. कालव्याच्या शहराची हौस असेल तर ती फेडणारी जागा हीच. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी या गावाचं नाव जोडलेलं आहे. दहाव्या शतकात तो स्वतःला कंधारपूरचा अधीश्वर म्हणवत असे. गावाजवळच्या मोठ्या तलावाला जगत्तुंग सागर म्हणतात, तेही राष्ट्रकूटांच्याच खात्यातलं नाव. पुढं बहमनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम असे धनी बदलत गेले आणि प्रत्येकानं तटाबुरुजांत आपली भर घातली. म्हणून एकाच भिंतीत जुन्या देवळांचे कोरीव दगड आणि फारसी शिलालेख शेजारी शेजारी दिसतात. गावात एका अतिप्रचंड मूर्तीचे तुटके अवयव सापडले आहेत. नुसती पावलं बघितली तरी ती उभी असताना केवढी असेल या विचारानं माणूस गप्प होतो.

इथं वेळ कसा घालवायचा ते सांगतो. सकाळी लवकर पोचा. दरवाजावरच्या पहारेकऱ्याला आधी बंद व्हायची वेळ विचारून घ्या, म्हणजे नंतर धावपळ नको. आत जाण्याआधी खंदकाच्या बाहेरून शक्य तेवढं चालून या, बहुतेक लोक हेच सोडतात. किल्ला बाहेरून, पाण्यापलीकडून जास्त देखणा आहे. मग आत जाऊन तटावर चढा. तटाच्या कडांना कठडे नाहीत, त्यामुळं सेल्फीसाठी मागं मागं सरकणं जिवावर बेतेल. आत उपाहारगृह नाही. पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी बरोबर ठेवा. सावलीत बसून खा आणि कागद परत पिशवीत घाला. खंदकात पाण्याच्या बाटल्या तरंगताना दिसतील. त्या आपल्याआधी आलेल्या पाहुण्यांच्या. वेळ उरला तर गावातल्या हाजी सय्याह दर्ग्यातही जाऊन या.

कंधारहून परत महामार्गाला लागलं की माळेगाव येतं. इथली खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड, सगळं एका माळावर. त्या दिवसांत हा रस्ता तासन्‌तास तुंबतो, हे लक्षात ठेवा. पुढं अहमदपूर, चाकूर करत लातूर.

लातूरला पाणी बघायला जाऊ नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून या शहराला पाणी आणावं लागलं, ही आठवण इथल्या प्रत्येक घरात ताजी आहे. लॉजवर तासभर शॉवर सोडून आंघोळ करणारा पाहुणा इथं कुणाला आवडत नाही. लातूरला जायचं ते बाजारासाठी, जेवणासाठी आणि आसपासच्या किल्ल्यांसाठी.

बाजार म्हणजे गंजगोलाई. १९१७ मध्ये आखलेली ही गोल, दुमजली बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचं मंदिर आणि भोवतीनं फुटणारे सोळा रस्ते. कुठल्या रस्त्यानं आत शिरलो ते अर्ध्या तासात विसरायला होतं, आणि त्यातच मजा आहे. जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. कोथिंबीर घरी पोचेपर्यंत टिकणार नाही, पण डाळ आणि चिंच नक्की घ्या. दुकानदाराला गावाचं नाव घेऊन मागा, नाहीतर नुसती चांगली तूरडाळ म्हणून दुसरीच बांधून मिळेल.

शेवटच्या दिवशी दोन वाटांपैकी एक निवडा. दोन्ही करायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. पहिली वाट औशाची. लातूरहून वीसेक किलोमीटरवर खंदक असलेला भुईकोट, आणि तिथून निलंग्याच्या बाजूला खरोसा लेणी. सहाव्या शतकातली मानली जाणारी ही लेणी जांभ्या खडकात कोरलेली आहेत. चढ थोडा आहे. गुडघे दुखत असतील तर औशाच्या किल्ल्यावरच थांबा. दुसरी वाट उदगीरची, आणि दोघांपैकी एकालाही इतिहासाचं वेड असेल तर हीच घ्या. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊनं इथं निजामाला हरवलं. विजयाचा गुलाल अंगावर असतानाच परतूरच्या मुक्कामी भाऊला दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी लागली आणि फौजेचं तोंड उत्तरेला, पानिपताकडे वळलं. उदगीरच्या खोल खंदकाकडे बघताना हे माहीत असलं तर दगडांना वेगळाच अर्थ येतो. किल्ल्यातच उदागीर बाबांची समाधी आहे.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सुट्टी आठवते ती बरीचशी जिभेनं. लातूर भागात कुठल्याही गाडीवर निलंगा भात मिळतो. हळदीच्या रंगाचा, शेंगदाणे घातलेला, कागदावर गरम गरम. सकाळच्या नाश्त्याला त्याच्याइतकं स्वस्त आणि पोटभरीचं काही नाही. जेवायला खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा मागा. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, इथलं मध्यम तिखट पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढतं.

आणि एक तारीख कॅलेंडरवर खुणेनं लिहून ठेवा. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे वेळ अमावास्या. लातूरकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी शहर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळी माणसं शेतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करतात, तीत पांडवांची पूजा मांडतात आणि मग पंगती बसतात. भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. इथली भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिवाळ्यातल्या हिरव्या शेंगांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची ती घट्ट, पिठाळ भाजी, वर्षातून एकदाच अशी जमते. आंबील मडक्यातून ओतून घ्यायची आणि दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं. ती प्यायल्यावर गाडी चालवायचा बेत करू नका, झोप अनावर येते. लातूरात कुणी नातलग, सोयरा, कॉलेजचा जुना मित्र असेल तर आठवडाभर आधी फोन करून सरळ सांगा, दादा, येळवसाला आम्ही दोघं येतोय. आनंदानं बोलावतील. ओळखीचं कुणीच नसेल तर मात्र त्या दिवशी लातूरात राहू नका. जेवायला हॉटेल उघडं सापडणार नाही.

परतीला लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी आहे, पुण्याकडे बसही भरपूर. गाडीचं आरक्षण जाण्याच्या तारखा ठरल्या त्याच दिवशी करून टाका. सणासुदीला आणि शाळांच्या सुट्ट्यांत ते आधीच भरतं. म्हातारे आई-वडील बरोबर असतील तर क्रम उलटा करा. आधी लातूर, शेवटी नांदेड, म्हणजे मोटारीचा प्रवास सुरुवातीला होऊन जातो आणि शेवटचे दोन दिवस त्यांना गुरुद्वाऱ्यात आणि घाटावर बसून काढता येतात. कंधारच्या तटावर त्यांना चढवू नका. खंदकाकाठी सावलीत सतरंजी टाकून द्या आणि पाण्याची बाटली त्यांच्याजवळ ठेवा.